पहिली तीन मिनिटं

पहिल्या तीन मिनिटांत काहीच होत नाही.
तावेतनं तसं लिहूनच दिलंय, हिरव्या पेन्सिलीनं,
दोनदा अधोरेखित.
एक बाई राईचा पाव कापते.
खिडकीबाहेर बर्फ. दाराशी मुलाचे बूट,
त्यातला एक ओला.

विर्वे पडद्यासमोर उभी राहते, अनवाणी,
ताल्लिनमधल्या एका जुन्या कारखान्याच्या तळघरात,
आणि त्या बाईला आवाज देते.
सुरी पावात शिरते, त्यासाठी वाळलेल्या साबणाची वडी.
बर्फावरच्या पावलांसाठी बटाट्याचं पीठ,
उशीच्या खोळीत भरून मुठींनी दाबलेलं.
एकवीस वर्षं झाली.
किंचाळी तिच्या वाट्याला येत नाही,
ती नट्या आपापल्या घरून आणतात.

“संगीत?” ती विचारते.
“नको. संगीत म्हणजे हात धरणं.
माणसाला कळतं, आता काहीतरी येणार,
आणि तो डोळे मिटून घेतो.
मला त्यांचे डोळे उघडे हवेत. त्या पावावर.”

कॅमेरा हलत नाही.
पाव कापून होतो, तरी हलत नाही.
पाहुण्यानं निरोप घ्यावा, चपला घालाव्यात
आणि उंबऱ्यात नुसतंच उभं राहावं,
तसा.

मनात पाल चुकचुकावी
तर या थंडीत पाल कुठली!
मग इथं काय चुकचुकतं?
विर्वे बोटानं दाखवते. फ्रिज.

त्याची घरघर तिनं स्वतःच्या घरून आणलीय,
रात्री दोनला, माइक लोण्याच्या डब्याला टेकवून.
पहिल्या चौकटीपासून ती आहे,
भिंतीच्या रंगासारखी, कुणी न बघितलेली.
एक मिनिट एक्कावन्न सेकंदांवर
विर्वे बोट उचलते
आणि घरघर थांबते.

बस्स. एवढंच.
बाई पावाला लोणी लावतेच आहे.
पण आता त्या खोलीत
कुणीतरी ऐकतंय.

हे तिला कुणी शिकवलं नाही.
ती आठ वर्षांची, कोह्तला-यार्वेत,
पलीकडच्या खोलीत वडिलांचा श्वास
खाणीतली धूळ चाळत असायचा रात्रभर
आणि त्यावर तिला झोप लागायची,
इतर मुलांना गोष्टीवर लागते तशी.
एका रात्री ती दचकून उठली.
आई म्हणाली, कसला आवाज झाला का गं?
ती म्हणाली, नाही.
नाही झाला.

तावेतला यातलं काही माहीत नाही.
“अर्धा सेकंद आधी थांबवू या?”
“नंतर. आधी रुळू दे त्यांना.”

नोव्हेंबरात पहिला खेळ.
विर्वे शेवटच्या रांगेत बसून
पडद्याकडे नाही, मानांकडे बघते.
पॉपकॉर्नकडे निघालेला एक हात मध्येच राहतो.
दोनशे माना किंचित वर.
का, ते त्यांनाही ठाऊक नाही.
चौथ्या मिनिटाला जे यायचं ते येतं,
रबराचं, बरंच रंगवलेलं.
लोक ओरडतात, मग हसतात,
सुटल्यासारखे.

घरी फ्रिज चालू आहे.
ती चहा ठेवायला जाते, ठेवत नाही.
थर्मोस्टॅट कधी तुटतो, का तुटतो,
सगळं पाठ असलेली बाई
कोटासकट जमिनीवर बसते
आणि फ्रिजच्या दाराला
पाठ लावते.