दार किती वेळा

दशमी कधी घराबाहेर गेलेली नाही.
खासबागेतल्या या तिसऱ्या मजल्यावर ती आली
तेव्हा माझ्या टेपच्या पहिल्या सहा इंचांत बसायची.
आता मशीनच्या पायट्यावर मावत नाही.
ऊन खिडकीतलं, चिमण्या गजांपलीकडच्या,
जिन्याला तर ती घाबरतेच.

म्हणून डॉक्टर मठपती 'चिगट' म्हणाले
तेव्हा वाटलं, आपल्याला कन्नड नीट कळलं नसेल.
"पिसवा हो, पिसवा," कंपाउंडर म्हणाला.
रागच आला मला.
पिसवा मटण मार्केटामागच्या मांजरांना होतात.
मी रोज फिनेलनं पुसते.

त्यांनी वाद घातला नाही.
शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवली,
मिरी भरडल्यासारखी काळी पूड पडली.
ती ओल्या कापसावर टेकवली
आणि काळ्याचं हळूहळू विटकरी झालं.
दशमीचंच रक्त,
कुणीतरी पिऊन टाकलेलं.

मग विचारलं, "बाई, तुमचं दार
दिवसातून किती वेळा उघडतं?"

छाती, कंबर, दंड, मुंढा,
मी सगळं मोजते. दार नव्हतं मोजलं.
दुसऱ्या दिवशी टेबलाच्या कडेला खडूनं रेघा ओढल्या.
दूध. केरवाली.
पार्वतव्वा, खणाचे दोन तुकडे, पदरात शेजारच्या गल्लीची धूळ.
हंगिरगेकरांची सून, तिचा मुलगा, मुलाच्या मोज्यांना कुसळं.
पार्वतव्वा परत, अस्तर विसरलं म्हणून.
सिलिंडर.
लग्नाचे अकरा ब्लाऊज घेऊन हुक्केरीची माणसं,
त्यांनी बोचकं तिथंच सोडलं, दशमी त्यावर झोपली.
संध्याकाळी निपाणीहून माझा भाऊ दिगंबर,
बगलेत पोत्याची पिशवी.
एकोणीस रेघा झाल्या,
विसावी बहुतेक मी पुसली, हात लागून.

पिशवीत तंबाखूची पूड होती.
"चोळ की अंगाला, आमच्यात गुरांना चोळतात."
खालच्या मजल्यावरची मालती कुत्र्याचं औषध घेऊन आली,
"ह्यातलं निम्मं टाका बघा."
मी फोन केला. मठपती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले:
ती अंग चाटते, बाई. दोन्हीतलं काहीही पोटात गेलं
तर मांजर जाईल. कुत्र्याचं कुत्र्याला.

औषध एवढंसं निघालं, एका नळीत एक थेंब,
किराणावाल्याच्या काट्यावर तिला पिशवीत तोलून
वजनाप्रमाणे आणलेलं.
मानेमागं केस दुभागून टाकायचं,
जिथं तिची जीभ पोचत नाही.
असली जागा अंगावर असते
हे मला माहीत होतं. माझ्या पाठीच्या हुकाजवळ आहे.

सोफ्याच्या शिवणी उसवून झाडल्या.
म्हणतात, कोशात ती महिनोन्‌महिने पडून राहतात,
वर पाऊल वाजेपर्यंत.
पाऊल वाजलं की बाहेर.

"पण दर महिन्याला? बारा महिने?"
सगळ्यांनाच लागतं असं नाही, ते म्हणाले.
दोन म्हातारी माणसं, जाणं-येणं नाही, मांजर एकटं,
तिथं मी फणी फिरवून बघा एवढंच सांगतो.
"तुमचं तसं नव्हं. तुमचं घर बंद घर नव्हं."

मी पैसे दिले, सुटे मोजून.
जिन्यात एकेक पायरी चढताना
टोपलीत दशमी ओरडत होती.
हे गेल्यापासूनची नऊ वर्षं
मी ते बंदच धरून चालले होते.

मेडिकलवाल्याच्या कन्नड कॅलेंडरवर
सात तारखेला मराठीत लिहिलं: थेंब.
पुढच्या सातलाही. त्याच्या पुढची सात रविवारी येते,
तिथं फक्त टिंब दिलं.
दशमी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
मशीनमागं बसून मानेपर्यंत जीभ नेत राहिली, चुकत राहिली.

दार वाजतंय.
अस्तर असणार.