चौथ्या पानावरचा डावा हात

हेल्यू बाईंना मी पानं दिली
परीक्षेच्या नऊ दिवस आधी, जिन्यातच.
त्या वर चढत होत्या,
काखेत ट्रम्पेटवाल्याची फाइल, हातात थर्मास.
सुटी पानं. क्लिपसुद्धा नाही.
तार्तूत त्या दिवशी उणे सोळा होतं,
मी क्लॅरिनेटची रीड ओठांत धरून ऊब देत होतो,
त्यामुळे धड बोललोही नाही.

मला वाटायचं, पियानो असतोच तिथे,
खोलीत हीटर असतो तसा.
आपण यायचं, सुरू करायचं.
ऊब आपोआप.

पहिल्या तालमीला बावीस मिनिटं उशीर.
त्या बसून होत्या
बोटं उघडी राहणाऱ्या राखाडी हातमोज्यांत.
मी म्हटलं, "जरा हलकं वाजवा, मला माझं ऐकू येत नाही."
त्यांनी हलकं वाजवलं.
मी म्हटलं, "लय ओढताय तुम्ही."
त्या म्हणाल्या, "बरं."
ओढत मी होतो
हे कळलं रात्री, रेकॉर्डिंग ऐकताना,
शेवटच्या बसमध्ये, कानटोपीच्या आत.

तिसऱ्या तालमीत त्या चौथ्या पानाशी थांबल्या.
"इथे डावा हात कापला गेलाय."
मी दचकून त्यांच्या हाताकडे पाहिलं.
"झेरॉक्समध्ये. सगळ्यात खालची ओळ नाहीये.
मी आपली अंदाजाने वाजवतेय.
की तुला जमिनीशिवायच चालायचंय?"
रागावल्या नव्हत्या.
खरंच विचारत होत्या.

परीक्षेत मी एक अख्खी ओळ गाळली.
पोटात खड्डा पडायच्या आत
त्या पुढच्या ओळीवर हजर होत्या,
जणू तिथेच भेटायचं ठरलं होतं आमचं.
परीक्षक पेन फिरवत राहिले, कुणाला काही कळलं नाही.
मी वाकलो. एकटाच.
वळून आभार मानले, तर ते त्यांच्या पाठीला लागले:
त्या पुढच्या मुलीची पानं लावत होत्या.

"पगार मिळतो रे त्यांना," उर्मास म्हणाला.
मिळतो. मी ऑफिसात विचारून आलो.
तासावर मिळतो.
घरी बसून बोटं बसवायचे तास त्यात नाहीत,
आणि माझी गाळलेली ओळ कुठल्या रकान्यात जाते
हे त्या कारकुनालाही माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात आजोबांच्या शेडमध्ये एक जुना पियानो सापडला,
अर्ध्या पट्ट्या मुक्या.
दोन बोटांनी त्यांचा भाग वाजवून पाहिला.
दुसऱ्या ओळीतच अडकलो,
आणि श्वास घ्यायचं विसरलो,
मी, ज्याचं सगळं वाद्य श्वासावर!

सप्टेंबरात नवं पुस्तक दिलं त्यांना, विकतचं.
पानं उलटायची जागा अवघड होती तिथे
जास्तीचं पान टेपने जोडून,
मी श्वास कुठे घेतो तिथे पेन्सिलीची बारीक खूण करून.
दाराशी नाही, जिन्यात नाही,
त्यांच्या फावल्या तासाला, विचारून.
त्यांनी चौथं पान काढलं, आधी खालची ओळ पाहिली.
काही बोलल्या नाहीत.

मग मी विचारलं,
"तुम्हाला कुठली लय बरी वाटेल?"

थर्मासचं झाकण हातात तसंच राहिलं.
बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, साखळीचा आवाज.
त्या बराच वेळ विचार करत राहिल्या,
कुणी विचारलेलं नसावं बहुतेक, इतक्या वर्षांत.
मग एकेक करून
हातमोजे काढले.