एअर धरलीय

कळंबोलीला, स्टील मार्केटच्या मागच्या गल्लीत
रात्री साडेदहाला लोंढे ड्रायव्हरनं गाडी आणली,
दुसऱ्या गिअरमध्येच अडकलेली, कण्हत.
"पाय ठेवला की पेडल थेट तळाला. वर येतच नाही, शेठ."
अठ्ठ्याण्णवचं मॉडेल, पेण पासिंग.
पाठीवर चाकणला जायची कॉइल,
फाळक्यावर रंगवलेला मोर,
त्याची मान गंजानं खाल्लेली.

मी पुठ्ठा टाकून खाली सरकलो.
स्लेव्ह सिलिंडरच्या टोपीतून तेल ओघळत होतं
हळूहळू, जखमेतनं ओघळावं तसं.
खोललं तर आत काजळासारखा गाळ,
आणि रबराचा ओठ फाटलेला.
वर मास्टरचीही तीच गत.

रबराला ग्रीस लावायचं नाही, फुगतं.
ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं
आणि ओठ तेलाकडे करून बसवायचं.
हे मला यासीननं शिकवलं.

यासीनचं गॅरेज समोरच. मधे गटार, गटारावर फरशी.
फरशी आम्ही दोघांनीच उचलून टाकलेली,
त्याचा अंगठा चेचला होता तेव्हा.
चार वर्षं झाली, ती मी ओलांडलेली नाही.
कारण एक कॉम्प्रेसर होता.
तो कधीच भंगारात गेला.

दोन्ही किट बसली. राहिली एअर.
ती एकट्याला निघत नाही.
एकानं केबिनमध्ये पाय द्यायचा,
एकानं खाली पाना धरायचा.
पोऱ्या गेलेला जिंतूरला, बहिणीच्या साखरपुड्याला.
लोंढेंना बसवलं, तर त्यांचा पाय घाईचा.
निपल उघडं असतानाच उचलायचे
आणि बाहेरची हवा पुन्हा आत.
दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी शिवी दिली,
ती गल्लीभर ऐकू गेली असणार.

मग केबिनचं दार वाजलं.
सीटची स्प्रिंग वेगळी करकरली, हलक्या माणसाची.
पेडलखालच्या फटीतून मला
एक टाच तेवढी दिसली.
भेगाळलेली. डावी.

"दाब," मी म्हणालो. कुणाला ते म्हणालो नाही.
"धरलंय."
पाना पाव फेरा. नळीत बुडबुडे,
बाटलीत राखाडी फेस.
बंद.
"सोड."

तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते.
पायाचा सगळा जोर ती गपचूप खाते
आणि पुढं काही पोचूच देत नाही.
हे मी लोंढेंना समजावत होतो, खालून, मोठ्यानं.
लोंढे तोवर टायरला टेकून झोपले होते.

दाब. धरलंय. सोड.
मधे तो उतरून टाकीत तेल भरायचा, न सांगता,
टाकी रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून,
हे त्याला मी काय सांगणार.
किती वेळा झालं मोजलं नाही.
तळोज्याकडून मालगाडी गेली, दोनदा.
मग नळीत नुसतं तेल आलं, एकसंध,
चहात गूळ विरघळून गेल्यावर येतो त्या रंगाचं.
"आला," वरून आवाज. "पायात आला."
आणि दार लागलं.

गाडी सहाला निघणार होती.
सिलिंडरखाली मी कोरडा पुठ्ठा सरकवला,
रात्रभर गळतंय का बघायला.
लोंढेंनी दिलेल्या सहाशेंतले तीनशे
वेगळ्या खिशात ठेवले. मग परत एकत्र केले.
मग परत वेगळे.

पाचला बॅटरी घेऊन गेलो
तर गाडीखाली आधीच एक बॅटरी पेटलेली.
तो वाकलेला, एक हात चेसिसवर.
मीही वाकलो. गुडघा वाजला माझा.
पुठ्ठ्यावर एक थेंब होता.
त्यानं बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं.
मीही लावलं.
तेल असतं तर निसटतं.
"पाणी," तो म्हणाला.
मी पुन्हा एकदा चोळून पाहिलं,
गरज नव्हती तरी.
"हं. पाणीच."