रवाळ

दौलतगंजात मोटारीच्या सामानाचं दुकान.
पोरगा हिरवी बाटली पुढे करतो,
"काका, शोरूमवाली चमक."
नको रे. त्यात सिलिकॉन असतं;
उद्या कुणी लॅकर मारलं
की देवीच्या वणांसारखे खड्डे.

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात वडीसुद्धा पाघळते,
म्हणून बफिंग पहाटेच.
तपकिरी वडी चिमटीत चुरून बघतो:
रवाळ, म्हणजे गिटारीच्या पाठीला.
पुढच्या पाटीला पांढरी.
कडेला मोटर नाहीच, नुसतं फलालीन.
तिथं लॅकर कांद्याच्या पापुद्र्याएवढं.

एकदा थांबलो नाही.
जुन्नरकरबाईंच्या गिटारीच्या खांद्यावर
रुपयाएवढं लाकूड उघडं पडलं.
त्या बोलल्या नाहीत काही,
पैसे मोजून दिले, पूर्ण.

अजून जनकगंजात त्या समोरून आल्या
की मी अंगठा मुठीत घेतो.