दोन दिवसांचा कान

तुर्कूचं इस्पितळ, चौथा मजला.
जानेवारी. चार वाजताच खिडक्या काळ्या.
मुलीला अजून नाव नाही;
बारशाआधी ते फोडायचं नसतं इथे.
पाळण्याला नुसती चिठ्ठी:
साल्मेला, मुलगी, तीन किलो दोनशे.

एएरिका तिला जाळीची टोपी चढवते,
गार जेलचे ठिपके, केसाएवढ्या तारा.
मग स्पीकरमधून: त. त. त. त.
आणि मधेच एखादं ता.
त्यांच्या भाषेत तुली म्हणजे आग,
तूली म्हणजे वारा.
एका मात्रेने विस्तव विझतो किंवा भडकतो.
(मला ऱ्हस्व-दीर्घ कळायला सातवी उजाडली.)

मुलगी गाढ झोपेत. पापणी हलत नाही.
पण पडद्यावरची रेघ
पहिल्या त ला ताडकन उठते,
तिसऱ्याला कंटाळते,
दहाव्याला जागची हलत नाही.
ता आला की पुन्हा मान वर.

सगळंच काही वरचा मेंदू करत नाही,
एएरिका म्हणते. पहिली चाळण खालीच,
जिथे मेंदू देठासारखा मानेत उतरतो.
तिथल्या राखणदाराला अर्थ कळत नाही,
फक्त रोजचा कोण, नवखा कोण.
रोजच्याची तो झडती घेत नाही.

तेवढ्यात संगणक अडकला.
आवाज बंद.
आणि मुलीने डोळे उघडले, भोकाड पसरलं,
जणू टेकायची भिंतच कुणी काढून नेली.

तिची आई सैमी माग चालवते,
चिंध्यांचे गालिचे, नौवोच्या बेटावर.
शेवटच्या आठवड्यापर्यंत
पोट मागाच्या दांड्याला टेकलेलं.
तिने पाळण्याच्या कडेवर मूठ आपटली:
धप धप.
धोटा पलीकडे जायला लागेल एवढं थांबून
धप.
रडं अर्ध्यावर अडलं.
पुन्हा धप धप, आणि त्या रिकाम्या जागेत
मुलगी श्वास धरून,
उधारी वसूल करायला बसल्यासारखी.

एएरिकाने वहीत लिहिलं:
१६.१२ ते १६.१६, व्यत्यय. वगळावे.

"काय निघालं?" सैमीने विचारलं.
"ऐकते चांगलं."

रात्री घरी, बूटही न काढता
एएरिका स्वयंपाकघरात उभी राहिली,
आपल्याला काय काय ऐकू येत नाही
ते ऐकत.
काहीच नाही.
मग फ्रिज थांबला.