गाठीला

वॉशिंग मशीन मंगळवारी बंद पडलं,
पोटात रॉडनीच्या चार चादरी आणि राखाडी पाणी.
कपाकपानं पाणी उपसलं,
चादरी टबात टाकल्या,
गुडघ्यांवर बसून पिळल्या.
रॉडनी दारात, चाकांच्या खुर्चीत,
ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघून हसत होता.
चोपन्न वर्षांचा आहे माझा भाऊ.
बोलत नाही. पाणी मात्र आवडतं.

चर्चच्या मागच्या खोलीत गुरुवारी
येवांदे नावाची बाई बसते.
तिच्यापुढे एक जाडजूड पुस्तक:
कोण, कोणाला, कशासाठी देतं.
मी म्हटलं, हात पसरायची सवय नाही मला.
ती म्हणाली, मग पसरू नका, नुसते टेबलावर ठेवा.
गार पडलेत. आधी चहा घ्या.

मग ती पानं उलटत गेली.
घोडागाडी हाकणाऱ्यांच्या अनाथ मुलींसाठी. नाही.
हातमोजे शिवणाऱ्यांच्या म्हातारपणासाठी. नाही.
ज्यांचे नवरे वीज पडून गेले
अशा, चर्चला नेमानं जाणाऱ्या, विधवांसाठी.
इथं ती हसली. मीही हसले,
किती महिन्यांनी, कोण जाणे.
मेलेली माणसं मृत्युपत्रात
किती बारकाईनं दया लिहून ठेवतात!

"घरात कुणी मासळीच्या धंद्यात?"
ग्रिम्सबीत हे विचारणं म्हणजे
तुम्हाला नाक आहे का, असं विचारणं.
पण वडील बसवर कंडक्टर होते.
आई जाळी विणायची,
स्वयंपाकघराच्या दाराला हूक ठोकून,
ट्रॉलरवाल्यांसाठी, नगावर पैसे.
वहीत नाव नाही, पावती नाही.
बोटांना डांबराचा वास, तेवढाच पुरावा,
तो तिच्याबरोबर गेला.

फॉर्म घरी आणला. अकरा पानं.
बचतीच्या रकान्यात लिहिलं,
गाठीला काही नाही.
मग खोडून शून्य काढलं, त्यांना आकडा हवा असतो.
रात्री किती वेळा उठता? तीनदा.
किती वर्षं?
बोटं मोजायला घेतली,
मग केटल ठेवायला उठले.

रविवारी येवांदे घरी आली, तो हूक बघायला.
म्हणाली, स्वतः पाहिला असं मी लिहीन,
लागला तर लागला उपयोग.
हूक गंजलेला, बसल्या माणसाच्या हाताला येईल असा.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या.
रॉडनी खुर्ची ढकलत आमच्यामधून पुढे गेला,
गाऊनचा पट्टा ओढून काढला,
हुकावर टाकला,
आणि डाव्या हातानं, जो एक हात त्याचं ऐकतो त्या हातानं,
वेढा, फास, अंगठ्याखाली दाब, ओढ.
एक गाठ.
मग एक बोट सोडून दुसरी, तेवढीच.
तिसरी.

आईच्या पायाशी तो तासन् तास बसायचा,
आम्हाला वाटायचं, नुसता बसतो.
आणि हा पट्टा!
रोज रात्री त्यातल्या गाठी
मी नखांनी सोडवत आले,
चिडून, कधी कधी त्याला ऐकू जाईल असं बोलून.

येवांदेनं पेनाचं टोपण काढलं,
लावलं, पुन्हा काढलं.
तिनं काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

सहा आठवड्यांनी पत्र आलं:
मशीनचे अर्धे पैसे मंजूर.
उरलेल्या अर्ध्यासाठी ती
पुन्हा पुस्तक उघडून बसली आहे,
बस कंडक्टरांच्या नावानं कुणी
काही ठेवलंय का बघत.
पत्राच्या तळाशी आणखी एक प्रश्न होता,
सांभाळणाऱ्यासाठी:
आणि तुम्हाला स्वतःला काही हवं आहे का?
खाली दोन ओळींची जागा.
फ्रिजवर लावून ठेवलंय ते. अजून कोरंच आहे.

हल्ली रात्री पट्टा सोडवताना
एक गाठ तशीच ठेवते.
सकाळी ओवताना अडते,
उशीर होतो,
रॉडनी वाट बघतो.