वीस तारखेपर्यंत कळवा

दोन्ही पत्रं अण्णांच्या वजनकाट्याखाली ठेवलीत,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.
दोन्हींच्या शेवटी एकच वाक्य: वीस तारखेपर्यंत कळवा.
आज सतरा.
विट्यात रात्रीचे साडेअकरा. मागच्या गल्लीत माग चालू आहेत.
त्या आवाजात मला झोप लागते
तशी कुठल्याच हॉटेलात लागत नाही.
आज तीही नाही.

एक कंपनी जुनी. तिथं मी अकराशे चौऱ्याऐंशीवी असेन.
तो आकडा म्हणजेच सगळं:
दिवाळीची सुट्टी कुणाला, पहाटे तीनचं पाटणा कुणाला,
डावीकडच्या खुर्चीत कोण कधी बसणार.
वरचा कुणी पासष्टीला टेकला, कुणी मेडिकलला अडकला,
की खालचे सगळे एकेक पायरी सरकतात
आणि ग्रुपवर केकचा फोटो येतो.
कॅप्टन व्हायला सहा वर्षं, कदाचित आठ.
मुक्काम पुणे.

दुसरी नवी. विमानांना अजून रंगाचा वास.
दोन वर्षांत कॅप्टन, म्हणतात;
लिहून देत नाहीत.
पगार दीडपट, बाँड तीन वर्षांचा,
मोडला तर अण्णांचं घर विकूनही भागणार नाही.
मुलाखत घेणारा फार गोड.
आपण एक कुटुंब आहोत, असं तीनदा म्हणाला.

माझं आधीचं कुटुंबही असंच होतं.
मंगळवारी रात्री मी नागपूरहून विमान आणलं,
बुधवारी सकाळी कंपनी नव्हती.
ओळखपत्राच्या निळ्या फितीला
आईनं गच्चीची किल्ली अडकवलीय.
तिथं मी दोनशे बारावी होते.
ते दोनशे बारा कुठं जमा झाले, कुणी सांगत नाही.

लॅपटॉपवर तक्ता केला. पगार, तळ, सुट्ट्या, भरवसा.
भरवशाला दहापैकी किती द्यायचे
यावर तासभर अडले,
हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे फिरवले
आणि लाजून बंद केला.

अण्णांनी चौतीस वर्षं त्रिशूरला गलाई केली.
इंग्रजी येत नाही, मल्याळम वाचतात.
दोन्ही कागद त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिले,
सवयीनं.
मग विचारलं, "ह्यांचा डायवर किती वर्सं टिकलाय?"
"विमानाचा?"
"न्हाय गं, गाडीचा. तुला न्यायला येतो त्यो.
शेठ कसा हाय, ते शेठ कधी सांगत न्हाय."

आणि मग, पानाला चुना लावत, पहिल्यांदाच सांगितलं:
एकदा चारशे रुपये जास्त म्हणून
त्यांनी शेठ बदलला होता. कोल्लमला.
अकरा महिन्यांनी परत आले
तेव्हा त्यांना दाराशी बसवलं, भट्टीच्या तोंडावर.
आतल्या थंड जागेवर
त्यांनीच हात धरून शिकवलेली पोरं.

"मग चुकलंच की तुमचं."
अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
"चुकलं," म्हणाले.
"पर कोल्लमला खोलीतनं समुद्र दिसायचा."
आणि उठून झोपायला गेले.
आई दारात उभी होती, तिलाही हे नवीन होतं.

मुलाखतीला मला विमानतळावरून नेलं त्या माणसाचं
नाव विचारलं नव्हतं मी.
फोनमध्ये तो 'कॅब, नवी कं.' एवढाच आहे.
डॅशबोर्डवर त्याच्या मुलीचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला,
वाटेत दोनदा पेट्रोल भरलं त्यानं,
दोन्ही वेळा शंभर-शंभरचं.
तेव्हा मी फक्त घड्याळ बघत होते.

आत्ता त्याला विचारलंय:
दादा, किती वर्षं झाली तुम्हाला इथं?
पगार वेळेवर होतो?

वाचलं त्यानं. रात्रपाळीवर असेल.
लिहितोय.
थांबला.
परत लिहितोय.